टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या मल्लाचा खुराक आणि मेहनत: कधी, किती?

गंगावेशकर

नमस्कार मंडळी. तालमीत राहणाऱ्या एका मल्लासाठी विचारतोय. वय २२, उंची १७२ सेंमी, आजाराआधी वजन ६३ किलो. फुप्फुसाचा टीबी निघाला. तपासणीत नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे असं आलं, म्हणून सहा महिन्यांचा साधा कोर्स. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा वजन ४८ किलो होतं. आता सहावा आठवडा चालू आहे आणि काटा ४९.५ दाखवतोय. ताप तिसऱ्या आठवड्यात थांबला. खोकला थोडा उरलाय, रक्त कधी पडलं नाही. रोज सकाळी उपाशीपोटी ३ गोळ्या, त्याशिवाय बी६ ची एक.

घरची माणसं म्हणतात, सहा महिने अंथरुणातून उठवू नका. तालमीतली पोरं म्हणतात, दूध-तूप-बदाम जोरात सुरू करा, दोन महिन्यांत गडी परत हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, पायाचं सूप, पांढरा रस्सा, काढे, वजन वाढवायची पावडर, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. दही, केळी आणि भात ‘थंड’ म्हणून बंद केलेत. एक वेळ नीट जेवतो, दुसऱ्या वेळी मळमळतं.

नेमका खुराक किती आणि कसा द्यायचा? जोर-बैठका कधी सुरू करायच्या? आणि कुस्ती?

भाकरी_आणि_वरण

आधी आकडे बघू, म्हणजे अंदाजावर खुराक ठरणार नाही.

१७२ सेंमी उंचीला ६२ किलोच्या आसपास वजन योग्य. टीबीच्या रुग्णाला खाणं आजच्या वजनावर मोजत नाहीत, या योग्य वजनावर मोजतात: किलोमागे साधारण ४० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दिवसाला २,५०० कॅलरी आणि ७५ ते ९० ग्रॅम प्रथिनं. एक वेळच नीट जेवणारा माणूस १,५०० च्या पुढे क्वचितच जातो, त्यामुळे आज त्याला जवळपास हजार कॅलरी कमी पडत असणार. त्या एका दिवसात भरून काढायच्या नाहीत. दर तीन-चार दिवसांनी २०० ते ३०० वाढवा. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम मारा केला की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन खाली येऊ शकतं. सूज, धडधड, गळून जाणं, हे त्यातून होतं. सुरुवातीला त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६ च्या जरा वर, म्हणजे फारच कमी होता, म्हणून सावकाश जा.

आता दिवस मांडून देतो.

सकाळी गोळ्यांनंतर तासाभराने: २ उकडलेली अंडी, ज्वारीची एक भाकरी (६० ग्रॅम पिठाची), वर चमचाभर तूप. साधारण ३८५ कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं.

साडेदहाला: मूठभर भाजलेले शेंगदाणे (३० ग्रॅम), सुपारीएवढा गूळ, एक केळं. ३४५ कॅलरी, ८ ग्रॅम. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. बदामाच्या पैशात शेंगदाणा कितीतरी पट जास्त प्रथिनं देतो. थंडाईतले दहा-बारा बदाम चांगलेच, पण त्यातून अडीच-तीन ग्रॅमच मिळतात.

दुपारी: दोन भाकरी, घट्ट वरणाची वाटी (कच्ची डाळ ३० ग्रॅम), दोन चमचे तेलातली भाजी, वाटीभर दही. ७४० कॅलरी, २६ ग्रॅम.

चार-पाचला: म्हशीचं उकळलेलं दूध २०० मिली, त्यात ३० ग्रॅम नाचणीचं सत्त्व आणि थोडा गूळ. ३२० कॅलरी, ९ ग्रॅम.

रात्री: ७५ ग्रॅम तांदळाचा भात आणि मटकीची उसळ (कोरडी मटकी ४० ग्रॅम) किंवा १०० ग्रॅम चिकन. ४८५ कॅलरी, १४ ते २५ ग्रॅम.

झोपताना पुन्हा २०० मिली दूध. १९५ कॅलरी, ७ ग्रॅम.

बेरीज २,४७० कॅलरी आणि ८२ ते ९३ ग्रॅम प्रथिनं. अंडी खात नसेल तर तिथे ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घाला, १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

सहा वेळा दिलंय ते मुद्दाम. पहिल्या दोन महिन्यांतल्या गोळ्यांत पायराझिनामाइड असतं आणि मळमळ बहुतेक त्याची असते. ताट भरून वाढलं की गडी ताटाकडे बघूनच उठतो. मोठं जेवण फोडून दोन करा. तूप ओतायचा मोह आवरा. दिवसाला तीन-चार चमचे ठीक. वाटीभर तूप पोटात गेलं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, पुढची दोन जेवणं बुडतात आणि एकूण खाणं उलट घटतं.

दही, केळी आणि भात आजच सुरू करा. क्षयात हे बंद ठेवायला काही कारण नाही, आणि जे सहज गिळता येतं तेच काढून घेतलं तर गडी खाणार काय? मळमळीच्या वेळी गरम मऊ भात, मेथकूट आणि तुपाची धार भाकरीपेक्षा सोपी जाते.

पांढऱ्या रस्स्याबद्दल: चवीला द्या, भूक उघडते. पण ताकद रस्स्यात नाही, त्यातल्या मटणात आहे. नुसत्या पाण्यात उतरलेला अर्क आणि नारळाचं दूध यांतून प्रथिनं फार मिळत नाहीत. तुकडे इतरांच्या ताटात आणि रस्सा आजाऱ्याला, असं घरोघरी होतं, ते उलटं करा. पायाच्या सुपाचंही तेच. त्यातलं प्रथिन जिलेटिन असतं, स्नायू बांधायला अपुरं. तांबडा रस्सा आणि खर्डा मात्र गोळ्यांनी पोट आधीच चाळवलेलं असताना थोडे दिवस लांब ठेवा.

करवीर_पूर्व

दुधाचं वेगळं लिहितो, कारण इथे लोक ऐकत नाहीत. धारोष्ण दूध पूर्ण बंद. कोल्हापूरची सवय आहे, मान्य. पण कच्च्या दुधातून गोवंशाचा क्षय आणि ब्रुसेलोसिस दोन्ही येऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये ताप, रात्रीचा घाम, अंगदुखी आणि वजन घटणं, अगदी टीबीसारखंच चित्र. मग ताप परत आला की औषध लागू पडत नाही का, दुसरं काही झालं का, याचा छडा लावण्यात आठवडे जातात. उकळी येऊ द्या, एक-दोन मिनिटं ढवळत ठेवा. प्रथिनं आणि चुना (कॅल्शियम) आहे तिथेच राहतात.

दुसरं, बांगडा आणि कुपा सध्या नको. आयसोनियाझिड या गोळीमुळे शरीरात हिस्टामिन मोडण्याचं काम मंदावतं. या माशांत, विशेषतः बर्फात राहून घाट चढून आलेल्यांत, हिस्टामिन साठलेलं असतं. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकणं, धडधड, आणि लोक म्हणतात मासा बाधला. नदीतला ताजा मासा चालेल.

आणि वजन वाढवायची पावडर. लेबल नसलेल्या किंवा भलतंच आश्वासन देणाऱ्या डब्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड आणि सायप्रोहेप्टाडिनसारखं भूक वाढवणारं औषध मिसळलेलं सापडतं. वजन वाढतं ते पाण्याचं आणि चरबीचं, चेहरा गोल होतो. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे ज्या जंतूशी लढायचं त्यालाच हात दिल्यासारखं. शिवाय पोटातून घेतलेलं स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात उत्तेजक चाचणीत बंदी असलेलं आहे. मल्लाने तर त्या डब्याला हातही लावू नये.

काढ्यांचं तसंच. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही आधीच यकृतावर भार टाकतात. दारू तर थेंबभरही नको.

गंगावेशकर

मनापासून आभार. पावडरचा डबा आजच बाहेर जातोय. दोन शंका. लघवी लाल-केशरी होते, ती यकृताची खूण का? आणि गोळ्या उपाशीपोटी दिल्या की जास्त मळमळतं, जेवणासोबत दिल्या तर चालतील का?

निक्षय_वाट

लघवी, घाम आणि डोळ्यांतलं पाणी केशरी होणं हा रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडणं, सतत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि अन्नावरची वासना पूर्ण उडणं याला. असं दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, यकृताची रक्ततपासणी करावी लागते. नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा ओळखू न येणं हे इथॅम्ब्युटॉलचं. तेही लगेच सांगायचं, थांबायचं नाही. पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्या तर बी६ ची गोळी खरंच पोटात जाते का ते बघा, ती ‘व्हिटॅमिनची’ म्हणून लोक सहज सोडतात. सांधे दुखले तर पायराझिनामाइडने युरिक आम्ल वाढलेलं असू शकतं. त्यावरही मनाने दुखण्याची गोळी देऊ नका.

उपाशीपोटी औषध जास्त शोषलं जातं. भरल्या पोटी रिफाम्पिसिन कमी पोचतं. पण उलटून पडण्यापेक्षा दोन बिस्किटं किंवा अर्धं केळं खाऊन घेतलेली गोळी केव्हाही बरी. टीबी केंद्रावर सांगून रात्री झोपताना घेण्याचीही सोय करता येते. अॅसिडिटीचं पातळ औषध गोळ्यांसोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. त्यातलं अॅल्युमिनियम आयसोनियाझिडला अडवतं.

आता महत्त्वाचं, जे तुमच्या प्रश्नातच दडलंय. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ ला ४. तुमचा मल्ल ४९.५ वर आहे. वरचा खुराक लागू पडला की तो थोड्याच दिवसांत ५० ओलांडेल. तेव्हा केंद्रावर वजन दाखवून गोळ्या बदलायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. कार्डावर सुरुवातीचं वजन लिहिलेलं असतं आणि सहा महिने तेच डोळ्यांसमोर राहतं. अंग भरणाऱ्या गड्याला मग औषध अपुरं पडतं. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, लंगोटावर.

पुढचा टप्पा दुसरा महिना संपताना: थुंकीची तपासणी. त्याच वेळी वजन सुरुवातीपेक्षा निदान ५ टक्के वाढलेलं असावं, म्हणजे ५०.४ किलो. हा आकडा हवेतून काढलेला नाही. झारखंडमध्ये रेशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ साली लॅन्सेट आणि लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकांत आला. रुग्णांना दरमहा १० किलो शिधा दिला होता: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. घरच्यांनाही धान्य दिलं तेव्हा त्यांच्यात नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. खाणं ही औषधाच्या जोडीची गोष्ट आहे, वरून शिंपडायची नव्हे.

पोटभर खाऊनही वजन हललं नाही तर खुराक आणखी वाढवत बसू नका. रक्तातली साखर तपासलीय का बघा, मधुमेह आणि टीबी जोडीने येतात. गोळ्या खरंच गिळल्या जातात का, उलटी होते का, आणि थुंकीत जंतू अजून आहेत का, हे त्याच क्रमाने.

पैशाचं: निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये आहेत. ३,००० चा एक हप्ता उपचार सुरू होताना, दुसरा ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. खासगी डॉक्टरांकडे उपचार असले तरी निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद असेल तर मिळतात. आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं, तिथेच बहुतेकांचं अडतं. खातं गावाकडच्या बँकेत, मोबाईल नंबर बंद पडलेला, असं काही असेल तर आत्ताच नीट करून घ्या.

आणि वस्ताद, खोलीत त्याच्यासोबत झोपणारी पोरं? त्यांची तपासणी झाली का? एका खोलीत सात-आठ जण, दारं-खिडक्या बंद, हे टीबीला सोयीचं घर आहे. सगळ्यांची लक्षणं विचारून एक्स-रे करून घ्या. ज्यांना आजार नाही त्यांच्यासाठी प्रतिबंधक उपचार आहे, आठवड्यातून एकदा असा १२ आठवडे. थुंकी स्वच्छ आल्याचं कळेपर्यंत त्याला खिडकीची हवेशीर जागा द्या आणि माणसांत असताना मास्क. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खाणाऱ्या माणसाला पंक्तीतून उठवलं की तो अजून कमी खातो.

श्वास_आणि_सांधे

मेहनतीचं मी लिहिते.

‘सहा महिने अंथरुण’ हा सल्ला सॅनेटोरियमच्या काळातला. औषध नव्हतं तेव्हा विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार होता, म्हणून मिरजेजवळ वानलेसवाडीला माणसं येऊन राहायची. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: घरी राहून, साधं खाऊन, कामं करत गोळ्या घेणारे रुग्ण सॅनेटोरियमवाल्यांइतकेच बरे झाले. अंथरुणात पडून राहिलं की स्नायू आणखी झिजतात. शिवाय उपचारात सुरुवातीला वाढणारं वजन बरंचसं चरबीचं असतं, स्नायू मागून येतात. त्यांना यायला कारण द्यावं लागतं.

सुरू करण्याआधी चार गोष्टी: दोन आठवडे ताप नाही, थुंकीत रक्त नाही, बसल्या जागी नाडी १०० च्या आत, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के किंवा वर. तुमचं वर्णन बघता बहुतेक जमेल. एक्स-रेमध्ये फुप्फुसात मोठी पोकळी आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त चालणं. रंकाळ्याच्या काठाने सपाटीवर, सकाळी लवकर, गाड्यांचा धूर सुरू व्हायच्या आत. दिवसातून दोनदा १० मिनिटं, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवत एका वेळी अर्ध्या तासापर्यंत. जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याची चढण यात धरू नका. ऑक्सिजन ९० खाली गेला, छातीत टोचलं किंवा चक्कर आली की तिथेच बसायचं.

सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस: ५ वेळा, असे ३ फेरे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हीच त्याची बैठक सध्या. सलग १५ सहज झाल्या की अर्ध्या बैठका.

जोराला घाई नको. जोर मारताना अंगाचं साधारण दोन तृतीयांश वजन हातांवर येतं. आधी भिंतीला हात टेकून १० चे दोन फेरे, मग टेबलाच्या उंचीवर, मग पायरीवर, मग जमीन. प्रत्येक पायरीवर निदान आठवडा. आणि मल्लांची जुनी सवय मोडायला लागेल: दम कोंडून जोर काढणं. दम कोंडला की छातीतला दाब एकदम चढतो. दुखऱ्या फुप्फुसाला ते सोसत नाही, रक्त पडू शकतं किंवा फुप्फुसातून हवा छातीच्या पोकळीत सुटू शकते. वर येताना तोंडाने श्वास सोडायचा, ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. भस्त्रिका-कपालभाती सध्या नाही.

जास्त झालं हे कसं कळेल? सकाळी उठण्याआधी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची. नेहमीपेक्षा १० ने जास्त असली तर त्या दिवशी फक्त चालणं. मेहनत संपल्यावर दहा मिनिटांत दम जाग्यावर आला नाही, तर उद्या तेवढंच करायचं नाही, निम्मं करायचं. तरुण गड्यांचं इथे हमखास चुकतं. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी जुन्या हिशेबाने शंभर बैठका काढतात आणि आठवडाभर आडवे. पाय इतके दुखतात की चालणंही सुटतं.

लाल_माती

कुस्तीचं सरळ सांगतो. कोर्स पूर्ण, शेवटची थुंकी स्वच्छ, डॉक्टरांची परवानगी, त्याच्या आधी लढत नाही. जोड कितीही ओळखीचा असला तरी छातीवर वजन पडतंच.

तोवर तालमीतली कामं वाटून देताना बघा, हौदा उकरायला त्याला लावू नका. फावड्याचं काम मेहनतीचं तर आहेच, पण मातीची धूळ थेट छातीत जाते. माती ओली असली तरी उकरताना उडते. झाडलोटही नको. मालिश चालेल, हलक्या हाताची.

दुसऱ्या महिन्याची थुंकी स्वच्छ आली की वर ताईंनी सांगितलेली मेहनत उघड्या जागेत. चौथ्या महिन्यापासून पूर्ण बैठका, हलका मुदगल. दोरावर चढणं नाही, दोराला दम कोंडावाच लागतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात उभ्याने डावाची पावलं, समोरच्याने जोर न लावता. कोर्स संपल्यावर दोन महिने दोन-दोन मिनिटांच्या पकडी, मग खडाखडी. पहिल्या हंगामात वजन तोडून खालच्या गटात उतरवायचा विचारही करू नका. जत्रेच्या मैदानाचा आग्रह होईल, नाही म्हणायची जबाबदारी वस्तादाची, पोराची नाही. त्याच्या तोंडून नाही निघणार.

सगळं संपल्यावरही जिना चढताना दम लागत राहिला तर ‘अजून अंगात आलं नाही’ म्हणून सोडून देऊ नका. टीबी बरा होऊनही फुप्फुसात व्रण राहू शकतो. फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या, म्हणजे दम कमी आहे तो स्नायूंमुळे की फुप्फुसामुळे हे कळेल, आणि मेहनत त्यावर ठरवता येईल.

गंगावेशकर

खोलीतल्या पोरांचं लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना घेऊन सोमवारी केंद्रावर जातोय. त्याचं वजनही तिथल्याच काट्यावर करतो आणि गोळ्यांचं विचारतो. सकाळच्या नाडीची वही आजपासून सुरू. ताई, एकच राहिलं: त्याच्याकडे बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नाही. त्याशिवाय चालणं सुरू केलं तर चालेल का?

श्वास_आणि_सांधे

चालेल. सोमवारी केंद्रावर बसल्या जागी एकदा मोजून घ्या, आणि जमलं तर व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून परत मोजायला सांगा. आकडा चारने किंवा जास्त खाली आला तर आधी डॉक्टरांशी बोला. नाही आला तर बोलत चालता येणं एवढी खूण पुरे. पहिले आठ दिवस सोबत कुणीतरी असू द्या.